हेडखालचं दुसरं पॅकिंग

दहा-बारा वर्षं मी वर्गात एक विनोद सांगत आलो आणि पोरं दरवर्षी त्याला हसत आली. विनोद माझ्या सख्ख्या थोरल्या भावावर होता. आता तो आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

भूकंपात आमचं घर गेलं, वडील गेले. दादा तेव्हा अकरावीत होता. मदतीला आलेल्या जीपा, ट्रक आमच्या काळ्या मातीत रुतून बंद पडायचे. त्यांच्या ड्रायव्हरांना पाने देता देता तो मिस्त्री झाला. कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढे त्यानं रेणापूरला गॅरेज टाकलं आणि मला लातूरला ठेवून शिकवलं. मी फिजिक्सचा सर झालो. क्लासेसचे दिवस असे भरात आले की सकाळी लातूरची बॅच, दुपारी नांदेडची, आणि मधे नुसता रस्ता.

माझी गाडी पेट्रोलची. तिच्या इंजिनात मुळातच दाब जास्त, म्हणून पिकअप चांगला. तरी मला पुरेना. दादाकडे अपघातात गेलेल्या एका डिझेल गाडीचा टर्बो पडून होता. तो माझ्या गाडीला बसव, म्हणून मी हट्ट धरला.

दादा म्हणाला, बसवतो, पण आधी दाब उतरवावा लागंल. इंजिनाच्या हेडखाली, म्हणजे वरच्या झाकणाखाली, जाड पॅकिंग टाकलं की आत जागा वाढते, दाब कमी होतो. मग टर्बोनं वरून हवा कोंबली तरी चालतं. नाहीतर पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. मला हे कुठलं पटायला! दाब उतरवला की पिकअप जाणार, मग टर्बो घालायचा कशाला? मी तिथंच गॅरेजच्या भिंतीवर खडूनं गणित मांडलं. इतका दाब, इतकी हवा, इतकं तापमान. काही होत नाही, म्हणालो. दादानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटी एवढंच म्हणाला, की हे पुस्तकातल्या पेट्रोलचं झालं, आपल्याकडं कसलं मिळतंय ते मी रोज बघायलोय.

दोन गिऱ्हाइकं बाकड्यावर बसली होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "दादा, हे फिजिक्स आहे. पाने फिरवून कळत नसतं."

त्यानं माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. चार दिवसांनी गाडी दिली. किल्ली हातात ठेवत म्हणाला, तुमच्या गणिताप्रमाणं केलंय, सर. तोवर मी त्याचा 'बारक्या' होतो. त्या दिवसापासून सर झालो. मला वाटलं, कौतुकानं म्हणतोय. अक्कल बघा माझी!

गाडी झकास पळायची. तेव्हापासून उष्णतेचा धडा आला की मी सुरू व्हायचो: एक अर्धवट शिकलेला मिस्त्री मला म्हणाला, भोक पडतंय की ओ सर! अगदी त्याच्या बोलीत, मान हलवून. मग खिडकीबाहेरची गाडी दाखवायचो. पोरं लोटपोट.

दादाची मुलगी अकरावीला माझ्याच बॅचला आली. सगळे सर म्हणायचे, तिच्या तोंडून भर वर्गात 'काका' निघून जायचं. तो धडा आला तेव्हा ती पहिल्या बाकावर होती. मी मिस्त्री म्हणतो, भाऊ थोडाच म्हणतो, तिला काय कळणार, असं मी मनाशी म्हणालो आणि विनोद सांगितला. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. दादानं फोनवर सांगितलं, घरीच अभ्यास करते म्हणते. वर मलाच राग आला, की घरच्यांना माझी किंमत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नांदेडला गाडीचा पाण्याचा पाइप फुटून इंजिन तापलं. तिथल्या मिस्त्रीनं हेड उघडलं आणि मला हाक मारली. आत एकावर एक दोन पॅकिंग होती, मधे हातानं कापलेला तांब्याचा पत्रा. टर्बोची हवाही निम्म्यावर आणून ठेवलेली. त्यानं विचारलं, हे काम कुणाचं? हे नसतं तर इंजिन महिनाभर टिकलं नसतं.

माझ्या भावाचं, मी म्हणालो. त्या गोष्टीत 'भाऊ' हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला.

तिथून एसटी पकडून सरळ रेणापूर गाठलं. दादा ट्रॅक्टरखाली होता. मला सांगितलं का नाहीस, म्हणून मी त्याच्यावरच चिडलो. मी सगळ्या जगाला काय काय सांगत सुटलो होतो, म्हणालो. तो म्हणाला, ठाऊक हाय, पोरगी बोलली होती. लई रडली त्या दिवशी. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "गणित तुमचं बरोबर बी असंल, सर. पण गाडीत रोज तुम्ही बसणार होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादा, सर नको म्हणू, एवढंच कसंबसं म्हणालो. तो नुसता हसला आणि मागच्या घराकडं बघून चहा सांगितला.

चहा पोरगीच घेऊन आली. कप माझ्यापुढं ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "घ्या, सर."

काका म्हण गं, असं तिला सांगायची माझी छाती झाली नाही.