तांडेलकाकांची भीती

तांडेलकाकांइतका घाबरट फिटर मी दुसरा पाहिला नाही. नवापूरच्या कोळीवाड्यातले, वडील बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून यांनाही तेच नाव चिकटलेलं. आयुष्यभर बोटींची इंजिनं आणि बोईसरच्या कारखान्यांतली यंत्रं उघडली, पण कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी त्यांचे हात थरथरायचे. ते लपवायचेही नाहीत. "ज्याला भ्या वाटत नाय, त्याच्या हाती पाना देऊ नको," असं ते आम्हाला बजावायचे. आम्ही म्हणजे पालघरच्या कॉलेजात स्पर्धेसाठी रोबोट बनवणारी सहा मुलं-मुली. निवृत्तीनंतर काका आमच्या वर्कशॉपमध्ये शिकवायला यायचे.

रोबोटला दोन गिअरबॉक्स हव्या होत्या, डाव्या आणि उजव्या चाकांना एकेक. जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत दोन वेग: चढावर ताकदीचा, सपाटीवर धावण्याचा. काका पांढऱ्या फडक्यावर सुटे भाग मांडून मोजायचे. पेटी बंद झाली की शाफ्ट हाताने फिरवत कान लावून ऐकायचे. म्हणायचे, "फडक्यावर काय उरला, तर समज आत कायतरी मेला."

डावी पेटी मी एकटीने जुळवली. शेवटचा स्क्रू आवळला आणि फडक्याच्या घडीत एक सर्क्लिप दिसली. शाफ्टवरचा गिअर सरकू नये म्हणून बसवायची ती कडी. पेटी पुन्हा उघडायची तर अर्धा दिवस जाणार, आणि बाहेर शाळेची मुलं रोबोट बघायला येऊन बसलेली. मी ती मुठीत घेतली, खिशात टाकली.

"सगळा बसला?" काकांनी विचारलं.

"हो, काका." मी पेटी उचलून रोबोटवर बसवली.

कमी वेगात रोबोट नीट चालला. मी वेगाचा गिअर टाकला आणि आतून कडकड आवाज आला. डावी चाकं जागीच अडकली, उजवी धावत राहिली, आणि ते धूड गर्रकन वळून मुलांच्या रांगेकडे सुटलं. रिमोट माझ्याच हातात होता, पण बोटं हलेनात. काकांनी अंग झोकून दिलं आणि रोबोटवरचं लाल बटण दाबलं. तो थांबला तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलीच्या चपलेला चाक टेकलं होतं.

मुलं गेल्यावर मी सर्क्लिप काकांपुढे ठेवली. त्यांनी ती उचलून पांढऱ्या फडक्यावर ठेवली.

"मी पन असाच गप बसलेलो," ते म्हणाले. "भावाच्या बोटीचा गिअर मी भरला, एक वायसर राहिला. बोललो नाय. बोट दोन दिवस दर्यात. मी दातिवऱ्यापर्यंत किनारा चालत बघत होतो."

"मग?"

"आला. दुसऱ्या बोटीनं ओढून आनला. पन मी अजून त्याला सांगितला नाय."

"सांगा ना, काका."

"भ्या वाटतं गो."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. पेटी नव्याने भरली. स्पर्धेत आमचा रोबोट चढ चढला, बक्षीस मात्र नाही मिळालं.

गेल्या वर्षी काका गेले. मी नवापूरला गेले तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ ओट्यावर बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाला, "तुमचा रोबोट पोरांवर सुटला, त्या दिवशी तो तुमच्या कॉलेजातनं सरळ माझ्याकडं आला. सगळा सांगितला नि रडला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटला, दादा, भर दर्यात तो गिअर मीच उघडलेला. मला तवाच समजला. पन किनाऱ्यावर तुजा तोंड बघितला, नि बोलायचा राहून गेला."