सातची रोझरी

कोरोनात चर्च बंद झालं तेव्हा रविवारची मिस्सा, चर्चमधली उपासना, फोनवर आली आणि तिच्याबरोबर फोन आमच्या घरातल्या वेदीपुढे आला. तोवर वसईच्या आमच्या घरात संध्याकाळी सातला, रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या वेळी, कुणी फोन हातात घेतला तर पप्पा नुसते खाकरायचे. तेवढं पुरायचं. पुढे चर्च उघडलं, पण फोन काही वेदीपुढून उठला नाही. पुस्तकातली अक्षरं बारीक, म्हणून शेवटची प्रार्थना मी फोनवरूनच वाचायची. मी शाळेत शिक्षिका आहे, मुलांचे फोन जप्त करते, त्यामुळे सबबी मला चटकन ओळखता येतात. फक्त दुसऱ्यांच्या.

पप्पांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं अडखळलं तर लगेच आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून पहिल्या दहा ‘नमो मरिया’ त्यांनीच म्हणायच्या, असं मी ठरवून टाकलं. रोज सातला त्यांचा आवाज आपोआप तपासला जाईल. या युक्तीचा मला भारी अभिमान होता.

त्या रविवारी ते म्हणत होते आणि आम्ही उत्तर देत होतो. मी, भाऊ, वहिनी. मरणाच्या घटकेसाठी विनंती करणारं ते उत्तर आमच्या तोंडात इतकं बसलंय की त्याला आमची गरज लागत नाही. माझा फोन मांडीवर होता, आवाज बंद. स्क्रीनवर एक बाई गंजलेली विळी घासून चकचकीत करत होती. मला शेवट बघायचा होता.

रोझरी संपली की पप्पा प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात. मी वाकले. हात आला नाही. वर पाहिलं तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं आणि डोळे माझ्यावर. किती वेळ ते असे बघत होते कोण जाणे. त्या नजरेची मला आजही भीती वाटते.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी विचारलं, शेवटचं नीट कधी बोलले? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक तासांतच देता येतं. उशीर झाला असेल तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका. सकाळी मिस्सेनंतर ते चर्चच्या आवारात लोकांशी छान बोलले होते, पण ते तास केव्हाच उलटले होते. त्यानंतर दिवसभर घरात त्यांच्याशी कोण बोललं, हे आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघून शोधत होतो.

“सातला प्रार्थना म्हटली ना त्यांनी?” भावाकडून रोझरीचं ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या. “तेव्हा शब्द स्पष्ट होते?”

भाऊ माझ्याकडे बघू लागला, वहिनीही. पप्पांच्या शेजारी मीच बसले होते. विळीवरचा गंज आधी कुठून निघाला, ते मी सांगू शकले असते. पप्पांना तर मी दहा वेळा उत्तर दिलं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी कागदावर सकाळची वेळ लिहिली आणि इंजेक्शनचा विषय तिथेच संपला.