कपाच्या तळाशी पांढरं

भाचीच्या हळदीच्या दिवशी भावजयीने माझ्या हातातलं हळदीचं ताट काढून घेतलं. मांडवभर बायकांदेखत.

"तुमी आत बसा, वन्सं. चा पाठवते."

अहो, धवला मीच म्हणते! आमच्या खालापूरकडच्या आगरी लग्नात धवलारणीने गाणं उचललं की मग हळद लागते. आईने शिकवलंय मला. पुढे माझ्या कानात माणसं बोलायला लागली, नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. कर्जतच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गावाला ते काही जमेना. गावाने 'पिशी' ठेवलं, म्हणजे वेडी.

गोळी घेते मी. रोज, माझ्या हाताने. आवाज अजून येतात, शेजारच्या घरात टीव्ही लागावा तसे. त्यांना सांगते, बसा रं गप.

आत चहा आला. पहिलाच घोट कडू. वाटलं, यात काहीतरी घातलंय. लगेच दुसरं वाटलं, हाच तर माझा आजार. संशय. आता सांगा, बाईने भरवसा ठेवायचा कुणावर? भावजयीवर नाही, भावावर नाही, स्वतःच्या जिभेवरही नाही.

चहा हळूच बशीत ओतला. कपाच्या तळाशी पांढरा चुरा. बोट लावून चाखला. माझीच गोळी, कुटलेली. रसायनीहून नोकरदार सोयरे यायचे होते, त्यांच्यापुढे मी नको. म्हणून मला झोपवायचं.

भावाला हाक मारली. कप दाखवला.

"ताई, तुला तसं वाटतं गं. सगळ्यांचाच संशय तुला."

बशीतला चहा परत कपात ओतला.

"मग पी रं."

हसला. कपाला हात लावला नाही.

तोच कप घेऊन मी मांडवात गेले. नवरीच्या पाटाशी सगळ्यांना दिसेल असा ठेवला. स्पीकरवर गाणं ठणाणत होतं, त्याची वायर उपटली. भावजयीपुढे हात केला. "ताट दे."

तिची नजर कपावर. दिलं तिने.

धवला म्हटला. पुरा म्हटला. भाचीला हळद मी लावली.

तेव्हापासून माझा चहा मीच ओतते. गोळी चारचौघांत घेते, पाकिटातून काढून. संशय येतो अजून. कधी खोटाही निघतो, तेही सांगते. पण आजारावर बोट ठेवून माझं खरं कुणी खोटं करायला आला, तर कप त्याच्यापुढे सरकवीन.

पी म्हणेन.