पितळेवरचे तपकिरी ठिपके

"हँडल आहे की लावरीचं अंडं? हे ठिपके कसले?" कंपनीच्या क्वालिटीवाल्या साहेबांनी नळाचं पितळी हँडल माझ्यासमोर आपटलं. "सोमवारी स्वच्छ लॉट नाही आला, तर काम दुसऱ्याला."

अहिल्यानगरच्या एमआयडीसीतली माझी पॉलिशिंगची शेड या एकाच कंपनीवर चालते.

बफिंग केलं, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासलं, की पितळ चकाकतं. पण तेव्हाच ते सगळ्यात नाजूक असतं. घामाचं बोट लागलं, धुतल्याचं पाणी राहिलं, की डाग. सगळ्यांना हातमोजे दिले. बोअरचं पाणी बंद करून आरओचं आणलं. डाग तसेच.

शेवटी श्रीरामपूरला रशीदभाईंकडे गेलो. चौदा वर्षं ते माझ्याकडे बफिंगला होते. धुतलेला माल गरम, कोरड्या लाकडाच्या भुशात घोळून सुकवायची पद्धत त्यांचीच. सुकवायला वेळ लावता म्हणून दोन वर्षांपूर्वी मी गिऱ्हाइकासमोर त्यांच्यावर ओरडलो. ॲप्रन खुंटीला लावून निघाले, ते आलेच नाहीत. मी सगळ्यांवरच ओरडतो. तेवढ्यासाठी कुणी चौदा वर्षं मोडतं का? त्यानंतर ईदला शिरखुर्म्याचा डबासुद्धा आला नाही. राग मला त्याचाच जास्त.

मुलाच्या दुकानात बसले होते. हँडल उजेडात धरून फिरवलं.

"भुसा कुठला?"

"या महिन्यात सोनईच्या वखारीतून घेतला. घासाघीस करून निम्म्या भावात पाडला."

"बाभळीचा हाय का?"

"असेल."

"शेठ, बाभळीच्या सालीनं कातडं कमावत्यात. ती पितळ सोडंल व्हय? पॅकिंगच्या पेट्यांचा पांढरा भुसा घ्या, म्हनून कितीदा सांगितलं. तुमी भाव ऐकता, मानूस न्हाई."

एरवी भडकलो असतो. "मग या ना परत," म्हणालो.

"आता न्हाई. बफिंगचं मशीन परवडलं, तुमचा आवाज न्हाई." हसले, आणि चहा मागवला. मी दोनदा घेतला.

पांढरा भुसा आणला, तापवला, माल पुन्हा बफ केला. सोमवारी लॉट पास झाला. साहेबांनी लगेच पुढच्या लॉटची तारीख दिली, म्हणजे खूश.

भुसा स्वस्त मिळाला, तर आधी लाकूड कोणतं ते विचारावं. आणि ज्याला ते कळतं, तो माणूस शेडमध्येच असलेला बरा. श्रीरामपूर लांब पडतं.