न उगवलेली कुडी

विचुंब्यात आमची इमारत उभी आहे, तिथे काळूराम भोईर पूर्वी भात लावायचे. आता ते त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. मुलाने मोठी गाडी घेतली आहे. काका तिच्यात सुके बोंबील ठेवतात. आत मांजर शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझं मराठीत एम. ए. झालंय हे ऐकून ते म्हणाले होते, "मराठी तर तुला येतच व्हती ना?" तेव्हापासून आमची मैत्री आहे.

दिवाळी झाल्यावर त्यांनी खिडकीखाली लसणासाठी वाफा केला आणि इमारतीतली पोरं गोळा केली.

"उद्या घरून एकेक कुडी आना. टोक वर, बूड खाली. लावली का इसरून जायची. जो उकरून बघंल त्याला लसूण नाय."

"आणि आजोबा, तुम्ही उकरलं तर?" नात मनस्वी म्हणाली. ती सहा वर्षांची आहे.

"मला पन नाय."

दुसऱ्या दिवशी पोरांनी कुड्या लावल्या. मनस्वी मूठ झाकून आली आणि कोपऱ्यात एकटीच लावून गेली.

थोड्या दिवसांत वाफा हिरवा झाला. मनस्वीचा कोपरा मात्र बोडका. ती त्याला दुप्पट पाणी घाली.

"उकरून बघू?"

"नाय. एकादी कुडी तुज्या आजीसारकी असते. उशिरा उठते."

"आयकू येतं मला," खिडकीतून वेणूकाकू म्हणाल्या.

मग काकूंच्या भाचीची हळद आली. संध्याकाळी निघायचं होतं. काकूंनी डबी उघडली. आईने दिलेल्या मोत्याच्या कुड्यांपैकी एकच आत होती. उघड्या कानांनी हळदीला जाणं म्हणजे साऱ्या माहेराला विषय देणं. काकूंनी घर पालथं घातलं. मी पलंगाखाली शिरलो. काकांनी गाडीतले बोंबीलसुद्धा झटकले.

"ती मी लावली," मनस्वी म्हणाली. "आजोबांनीच सांगितलं, कुडी आणा. टोक वर केलं होतं मी."

लसणाच्या कुडीला तिची आई पाकळी म्हणते. मनस्वीला कुडी ठाऊक होती ती आजीच्या कानातली.

काका वाफ्याकडे गेले. पोरं आधीच तिथे उभी होती. काका परत आले.

"एक कान पदराखाली घे ना," ते म्हणाले. "पोरांना सबूद दिलाय."

काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमची कुडी मातीत जायच्या आधी माजी वर काडा."

श्लेष मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो भाकरीबरोबर थापता येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काकांनी सगळ्यांदेखत कोपरा उकरला. मोती निघाला. काकूंनी तो नळाखाली धुतला, कानात घातला आणि त्या हळदीत पहाटेपर्यंत नाचल्या.

फाल्गुनात लसूण निघाला. मनस्वीने वाटणी केली. सगळ्यांना एकेक गड्डा, मलाही एक. काकांच्या हातावर तिने नुसती माती झटकली.

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवलो. काकूंनी करंजा बंदरावरचा जवळा केला होता, नव्या लसणाची सढळ फोडणी देऊन. काकांचं ताट वाढताना त्यांनी त्यातली एकेक पाकळी वेचून माझ्या ताटात टाकली.

"वास तरी राहू दे," काका म्हणाले.

मनस्वीने थोडा विचार केला.

"वास चालेल," ती म्हणाली.