समूला ताप येतो तेव्हा

तुम्ही मला अर्धंच सांगितलंत, डॉक्टरसाहेब. रक्ताचा कॅन्सर झालेल्या पोरीला ताप येऊ देऊ नका, ताप आला तर पोर हातची जाईल, हे तुम्ही बोट नाचवून सांगितलंत. मग शेजारच्या खाटेवरची शिवकन्या तापातून उठली आणि तिचं रक्त स्वच्छ निघालं, तेव्हा तुमची वाचा कुठे गेली? तिच्याभोवती तुम्ही सगळे पांढरे कोट घालून गोळा झालात. एकमेकांना हाका मारून तिचे रिपोर्ट दाखवलेत. मी शेजारीच बसले होते, माझ्या समूचं डोकं मांडीवर घेऊन. आमच्याकडे कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

मी ब्लाउज शिवते. जुन्या वर्तमानपत्रांवर मापं कापता कापता वाचायला शिकले, आणि आता राग आला की लिहिते. समू जाऊन वर्ष उलटलं. आज दुपारी ती भेटली. कशी भेटली ते सांगते.

जेवण झाल्यावर मी मशीनपाशीच आडवी होते. पंखा कुरकुरतोय. डोळे मिटलेत, पण रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाळी ऐकू येतेय. हाळी लांब जाते, आणखी लांब जाते, आणि मग ती हाळी राहत नाही, वॉर्डातल्या ट्रॉलीच्या चाकाचा आवाज होतो. मी उठून बसते. माझं मशीन वॉर्डाच्या मधोमध आहे. दोन्ही बाजूंना खाटा, आणि सलाईनच्या स्टँडांना पाकिटाऐवजी मी शिवलेले ब्लाउज लटकलेत, हुक न लावलेले.

समू माझ्या स्टुलावर बसून पाय हलवतेय. डोक्यावर केस आहेत. दाट, दोन वेण्या घालण्याइतके.

"समे, कधी आलीस गं?"

"मगाशीच. तू घोरत होतीस."

"मी घोरत नाही."

"घोरतेस. बाबा पण म्हणतात." ती नाक ओढून नक्कल करते. मग म्हणते, "भूक लागलीय. फोडणीचं वरण कर ना, लसूण टाकून."

मी गॅसकडे वळते तर गॅसच्या जागी शिवकन्येची खाट आहे. ती हॉस्पिटलातली नाही, तिच्या परळीकडच्या घरातली, सुतळीची. उशाला कडुलिंबाचे डहाळे. अंगभर कांजिण्या. तिची आई सत्वशीला खाली बसून दहीभात कालवतेय.

सत्वशीला वॉर्डात मला जिवाभावाची झालेली. तिच्या पोरीला तुमचं पहिलं औषध चढायच्या आधीच ते लोक तिला घरी घेऊन गेले होते, चार दिवसांत येतो म्हणून. घरी पोरीला कांजिण्या आल्या. आमच्याकडे त्याला बाया आल्या म्हणतात, देवीच घरी आली असं मानतात. बाया घरात असल्या की फोडणी द्यायची नाही, पोरीला सुई टोचायची नाही, उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. त्यांनी नेली नाही. पोर तापानं फणफणली, बरळली, दोनदा डोळे पांढरे केले. बाया गेल्यावर आणली, तर तुम्ही सत्वशीलेला वेडी म्हणालात, मारायला निघाली होतीस म्हणालात. मग रक्त तपासलंत आणि पुन्हा तपासायला पाठवलंत.

"सत्वशीले, तू काय केलंस गं?" मी विचारते. हे मी तिला जागेपणीही विचारलंय.

"काय न्हाई केलं बाई," ती म्हणते. "बसले व्हते नुसती. तू बी बसलीच व्हतीस की."

समू माझा पदर ओढते. "तिला नऊ दिवस दहीभात दिला. मी नसता खाल्ला बाबा. ई."

"तू सगळंच ई करायचीस."

"तू सगळं उकळून द्यायचीस! पाणी उकळून, दूध उकळून. सफरचंद कुणी उकळतं का? वर्गात सांगितलं असतं तर हसले असते सगळे."

"साहेबांनी सांगितलं होतं."

"हां, तुझे साहेब," ती म्हणते आणि दाराकडे बोट दाखवते.

दार आमच्या घराचं आहे. आतून कडी, कडीला फडकं बांधलेलं. आणि बाहेरून माझ्या नणंदेचा, लताताईंचा आवाज येतोय, अगदी त्या दिवशीसारखा. "वहिनी, उघडा की. माझ्या पूर्वाला घेऊन आलेय. तिच्या अंगावर जरा पुरळ उठलंय, पण पोरगी समूसाठी रडतेय." समूला औषधांच्या मधे घरी सोडलं होतं, त्या दिवशी मी फटीतून बघितलं होतं. पूर्वाच्या गालावर पाण्याचे फोड. मी कडी काढली नाही. आतूनच म्हणाले, जा ताई, पाया पडते, जा.

समू गेल्यावर तेराव्याला लताताई सगळ्यांसमोर बोलल्या. "दाराशी आलेल्या बाईला वहिनींनी परतवून लावलं. त्या शिवकन्येच्या आईनं घरात घेतलं, तिचं लेकरू हसतंखेळतं आहे." कुणीही त्यांना गप्प केलं नाही. समूचे बाबासुद्धा ताटातल्या भाताकडे बघत बसले.

म्हणून मी तुमच्याकडे आले होते, साहेब. आठवतंय? तुम्ही म्हणालात, "असं कधी कधी होतं." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलंत.

आता तुम्ही माझ्यासमोर उभे आहात, हात पसरून. गळ्यात नळी नाही. मी तुमच्या छातीचं माप घेतेय.

"कधी कधी म्हणजे कधी, साहेब?"

"थोडं सैल ठेवा," तुम्ही म्हणता.

"समूला कांजिण्या आल्या असत्या तर ती वाचली असती?"

"आणि खिसा डावीकडे."

"मेली असती?"

"पेन राहील एवढा."

मी टेप तुमच्या गळ्याभोवती घेते. तो पुरत नाही. कितीही ओढला तरी तुमचा गळा संपत नाही. समू खिदळते. "आई, सोड त्यांना. त्यांना पण नाही माहीत."

"मग तसं म्हणावं ना त्यांनी!" मी ओरडते. तुम्ही नसता. तुमच्या जागी खाली नुसतं कापड पडलेलं असतं.

मी समूला जवळ ओढते. अंग गार आहे. शेवटीही ते असंच गार होतं. नाकातलं रक्त थांबेना, तुमची माणसं कापूस बदलत होती, आणि तिला साधा तापही आला नव्हता. केवढी जपली होती मी.

"समे, खरं सांग. मी दार उघडलं असतं तर?"

"तर खाज सुटली असती."

"आणि मग?"

"मग खाजवलं असतं."

"थट्टा करू नकोस गं. तू बरी झाली असतीस का?"

ती माझ्याकडे अशी बघते, जणू मीच लहान आहे. "मला काय विचारतेस? मी दुसरीत होते."

मला रडू येत नाही. हसूही येत नाही. मी उठते आणि दाराशी जाते. फडक्याची गाठ घट्ट बसलीय, मी दातांनी सोडवते. कडी काढते. बाहेर पूर्वा उभी आहे, फोडांनी भरलेली, हातात भातुकलीची टोपली. समू माझ्या काखेखालून निसटते आणि तिला मिठी मारते. दोघी अंगणात भातुकली मांडतात. अंगण आमचं नाही, आम्हाला अंगण नाहीच. मी उंबऱ्यात उभी. मला आत ये म्हणता येत नाही, थांब म्हणता येत नाही. जिभेला कुणीतरी टाका घातलाय.

किती वेळ जातो कोण जाणे. समू परत येते, गाल लाल, डोळे चमकणारे. वर्गात पहिला नंबर आल्यासारखी.

"आई, हात लाव! आला!"

"काय आलं?"

"ताप! बघ ना!"

मी उजवा तळहात तिच्या कपाळावर ठेवते. खरंच तापलंय. मी आनंदानं वेडी होते. ये बाई, ये, म्हणते. बस माझ्या लेकीच्या अंगात, हवं ते खा, हवं तेवढी राहा, फक्त जाताना तो आजार घेऊन जा. कपाळ आणखी तापतं. चुलीवरच्या तव्यासारखं. हात सोसवत नाही.

"काढू नकोस," समू म्हणते.

"नाही काढत."

"काढशील तू."

"नाही गं राणी, नाही."

"काकू! ओ काकू! ब्लाउज झाला का?"

दाराशी गल्लीतली सोनाली उभी. पंखा बंद पडलेला, लाइट गेलेली. मी उठून बसते. सोनाली आत येते आणि थबकते. "अगं बाई, काकू, हाताला काय झालं? इस्त्री लागली का?"

लाइट जाऊन दोन तास झाले, असं तीच नंतर म्हणाली. इस्त्री कपाटावर आहे, गार. गॅस पेटवलेला नाही. माझा उजवा तळहात लालभडक आहे, बोटांच्या मुळाशी पाण्यानं भरलेले फोड आलेत. डावा हात नेहमीसारखा.

डाव्या हातानं लिहिलंय हे, म्हणून अक्षर असं. तुमच्या हाताखालचे लोक म्हणतील, बाई भ्रमिष्ट झाली. म्हणू देत. उद्या सकाळी लताताईंना आणि समूच्या बाबांना घेऊन मी तुमच्या दाराशी येतेय. नंबर लावणार नाही. हा हात तुमच्या टेबलावर ठेवीन. त्यावर मलम नकोय मला. त्या दोघांच्या तोंडावर तुम्ही बोलायचं. मी दार उघडलं नाही ते बरोबर की चूक? आणि माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तुमच्या तोंडून का निघत नाहीत, साहेब? सांगा.