एक पाऊल जास्त

माझा धाकटा दीर लग्नांचं शूटिंग करतो. तेलगावच्या आसपासच्या कितीतरी नवरा-नवरींवर त्यानं व्हिडिओत गुलाबाच्या पाकळ्या पाडल्यात. मी इथल्याच शाळेत मुलींना नाच शिकवते. लग्नाआधी शहरात राहून कथक शिकले होते, ते असं कामाला आलं. घरात सासूबाई आहेत, त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं आयुष्य शेळ्या-मेंढ्यांमागं गेलं आणि अजूनही सकाळ झाली की त्या जनावरं घेऊन माळावर जातात.

दिवाळीच्या सुट्टीत लग्नं नसतात. कॅमेरा कपाटात आणि दीर अंगणात, दोघंही नुसते पडून. अशाच एका सकाळी तो म्हणाला, "वैनी, आपण एक छोटा सिनेमा करू. भीतीचा. पण भूत न्हाई दाखवायचं."

"मग काय दाखवायचं?"

"तुमाला."

गोष्ट त्याच्या डोक्यात तयार होती. एक बाई रिकाम्या हॉलमध्ये एकटीच नाचाचा सराव करते. तिला वाटू लागतं की आपल्या मागं आणखी कुणीतरी नाचतंय. खरंच कुणी आहे की सगळं तिच्या मनातलं, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. मला गोष्ट आवडली. शाळेच्या हॉलची किल्ली मिळाली. आम्ही खिडक्यांना गोणपाट लावून भरदुपारी आत संध्याकाळ केली. माझ्या कपाटाचं आरशाचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि रिक्षात घालून नेलं.

पहिल्या खेपेला त्यानं लग्न काढतात तसंच काढलं. समोरून, पूर्ण उंचीची मी, मध्येच चेहरा जवळ, मध्येच सगळं संथ. वर धडाम धडाम वाजणारं संगीत घातलं. घरी टीव्हीला जोडून आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी ज्वारीची भाकरी खात शांतपणे सगळं पाहिलं.

"भ्या वाटलं का?" दिरानं विचारलं.

"भ्या कावून वाटंल? लई चांगली नाचलीय. ते ढोल तेवढे बंद कर, डोकं उठलं."

दोन दिवस त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. मलाही वाईट वाटत होतं, म्हणून चहा देताना मी त्याला माझा अनुभव सांगितला. शहरात स्टेजवर नाचायची वेळ यायची तेव्हा मला समोरचे लोक दिसायचेच नाहीत. माझाच श्वास कानात भरायचा, तबला लांब कुठंतरी विहिरीत वाजतोय असं वाटायचं, आणि मानेच्या मागं सारखं कुणीतरी बघतंय असं व्हायचं.

त्यानं कप खाली ठेवला. "मानेच्या मागं?"

"हो."

"मग कॅमेरा तिथंच पायजे होता. मी उगं समोर हुबा राहिलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा हॉलमध्ये गेलो. आता कॅमेरा माझ्या मानेपासून हातभर अंतरावर. मी पुढं गेले की तोही पुढं, मी वळले की तोही वळायचा. मी जिकडं बघत होते ते तो दाखवतच नव्हता, बघतानाचा माझा चेहरा आरशातून दाखवत होता. मी चक्कर घ्यायला लागले तेव्हा तो माझ्याभोवती उलट्या दिशेनं धावला. तिसऱ्या गिरकीला कॅमेरा छातीशी धरून तो फरशीवर बसला आणि म्हणाला, "थांबा वैनी. हॉल फिरायलाय." मला इतकं हसू आलं की त्या दिवशी पुढं भीतीचा चेहरा काही जमला नाही.

संगीत त्यानं काढूनच टाकलं. माईक माझ्या ओढणीत लपवून माझा नुसता श्वास रेकॉर्ड केला, फरशीवर टाचेचा आवाज घेतला. मागून येणाऱ्या घुंगरांचा आवाज मात्र जमेना. माझीच पावलं घेतली तर ती माझीच वाटायची. ताल पक्का, जागच्या जागी. दीर म्हणाला, दुसरं कुणीतरी पाहिजे.

तेवढ्यात आत्याबाई एक शेळी दाराबाहेर बांधून आमचा डबा घेऊन हॉलवर आल्या. आम्ही त्यांच्याच पायात घुंगरू बांधले. आधी त्या लाजल्या, मग पाय हलवून आवाज ऐकला आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

"करायचं काय मी?"

"काय न्हाई आई. वैनी चालतील तसं मागं चालायचं. त्या थांबल्या की थांबायचं."

मी चालले, त्या चालल्या. मी थांबले. त्यांचं लक्ष दाराबाहेर शेळीकडं होतं. छन्न. एक पाऊल पडलंच.

"आई, थांबायचं म्हणलं ना."

"थांबले की."

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. कितीही वेळा केलं तरी त्या एक पाऊल उशिरानंच थांबायच्या, आणि प्रत्येक वेळी ठासून सांगायच्या की वेळेवर थांबले. मी हसत होते. दीर हसत नव्हता. त्यानं हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवले आणि मागचं पुन्हा लावलं. माझी पावलं थांबली, शांतता झाली, आणि मग ते एक पाऊल. बाहेर लख्ख ऊन, आत्याबाई समोर डबा उघडत होत्या, तरी माझ्या हातावर काटा आला.

"आता सुधरू नको आई," दीर म्हणाला. "असंच चुकत जा."

रविवारी दुपारी त्याच हॉलमध्ये पांढरी चादर बांधून आम्ही सिनेमा दाखवला. शेजारपाजारच्या बाया, माझ्या शाळेतल्या मुली, त्यांचे आईबाप. आत्याबाई नवं लुगडं नेसून माझ्याशेजारी बसल्या होत्या. पडद्यावर मी आरशासमोर थांबले. श्वास थांबला. मागं ते पाऊल वाजलं आणि अख्ख्या हॉलनं माना वळवून पाठीमागच्या दाराकडं पाहिलं. आत्याबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कोण हाय गं मागं?"

"तुमीच हायत, आत्याबाई."

"ते ठावं हाय मला. तरी बी."

संपल्यावर सगळे एकदम बोलू लागले. दीर प्रोजेक्टरची वायर गुंडाळत कोपऱ्यात उभा होता. लग्नाच्या पंगतीत कुणी त्याच्याकडं बघत नाही. त्या दिवशी सगळे त्याच्याकडंच बघत होते. त्याला हात कुठं ठेवावेत ते समजत नव्हतं.

आत्याबाईंची धाकटी बहीण शिरूर कासारची. ती तेव्हा ऊसतोडीला कारखान्यावर गेली होती. तिला मोबाईलवर सिनेमा पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बघितला. चांगला हाय. पण लई बारीक झालीस पोरी, खात न्हाईस का? आन् त्यात भ्यायचं काय हाय? बाई नाचती, थांबती, मागं बघती. बस."

दीर शेजारूनच ओरडला, "मावशे, आवाज आला का?"

"कुठला आवाज? इथं ट्रॅक्टर चालू हाय."

"कानात वायर घालून बघ. मागं आई चालतीय."

तिनं कुणाकडून तरी इयरफोन मागून घेतला असावा. थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला. यावेळी तिनं मला मागितलंच नाही, थेट आपल्या बहिणीला मागितलं. आत्याबाईंनी फोन कानाला लावला, पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

"शिव्या घालाय लागलीय," त्या आम्हाला म्हणाल्या. चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.